इंजिन कोणत्या कामाचे?

सोलापूर स्थानकावर येऊन उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन पाहिले, की ती कोणत्या मुलखातून आली असावी याचा अदमास पूर्वी डब्यावरची पाटी न वाचताही बांधता येत असे. इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचे, म्हणजे त्याची देखभाल जिथे होते त्या ठिकाणाचे, नाव रंगवलेले असते, आणि पुणे, कल्याण, गुत्ती, कृष्णराजपुरम यांतली निम्मी नावे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकाच्या आधी डिझेल इंजिनांवरून ठाऊक झाली. गुत्ती हे आंध्रातले गाव नेमके कुठे आहे हे शाळेत कुणालाही सांगता आले नसते, पण गुत्तीचे इंजिन आले म्हणजे गाडी दक्षिणेकडची, एवढे आमच्यातल्या लहानात लहान पोरालाही कळत होते.

सोलापूरच्या वाट्याला हे वैभव आले ते त्याच्या जागेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ सोलापूरला १८६० मध्ये पोहोचले, तेव्हा बोरघाटाचे काम अजून चालूच होते. घाट १८६३ मध्ये खुला झाला, म्हणजे पहिली तीनेक वर्षे सोलापूरला रेल्वे होती, पण मुंबईपर्यंत सलग रूळ नव्हते. पुढे १८७१ मध्ये हीच लाईन रायचूरला मद्रासकडून आलेल्या लाईनीला मिळाली आणि सोलापूर मुंबई-मद्रास वाटेवरचे मधले ठाणे झाले. तेव्हापासून दोन्हीकडची इंजिने इथे येतात. शिवाय होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारी मीटरगेज आणि कुर्डुवाडीहून फुटणारी बार्शी लाईटची नॅरोगेज, अशा दोन वाटा जिल्ह्यातच होत्या. मुख्य लाईनची ब्रॉडगेज धरून तिन्ही मापांचे रूळ आणि त्यांवरची तिन्ही जातींची इंजिने एका जिल्ह्यात पाहायला मिळणे ही फार ठिकाणच्या मुलांच्या नशिबी असलेली गोष्ट नव्हती.

त्यामुळे आवडते इंजिन कोणते, असा प्रश्न कुणी केला, तर माझ्या तोंडून आधी उलटा प्रश्नच निघतो, की कोणत्या कामासाठी? रेल्वेच्या हौशी मंडळींत अश्वशक्ती आणि वेग यांवरून तासन्‌तास वाद घालणारे पुष्कळ असतात आणि त्या वादांतली गंमत मलाही कळते. परंतु इंजिनाच्या मागे काय जोडले आहे हे न पाहता इंजिनाला चांगले-वाईट म्हणण्यात मला कधी अर्थ वाटला नाही. मोकळे पळणारे इंजिन दिसायला ऐटदार असते, पण ते कशासाठी घडवले आहे ते तेव्हा कळत नाही. ते कळते मागे वजन पडल्यावर.

ही दृष्टी मला दिली ती आल्को या डिझेल इंजिनाने. कागदोपत्री त्याचे नाव डब्ल्यूडीएम-२. त्यातला पहिला डब्ल्यू ब्रॉडगेजचा, डी डिझेलचा आणि एम मिश्र कामाचा, म्हणजे प्रवासी गाडीलाही लावा आणि मालगाडीलाही. अमेरिकेतल्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीकडून (आल्को हे तिचेच आखूड नाव) ही इंजिने १९६२ मध्ये आली, आणि १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या डिझेल कारखान्यातून या जातीचे इथे तयार झालेले पहिले इंजिन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बाहेर पडले. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, सुमारे ११३ टन वजन, सहा आस (चाकांच्या जोडीमधले दांडे) आणि प्रत्येक आसावर एक विजेची मोटर. डिझेलचे इंजिन चाके फिरवत नाही, ते जनित्र फिरवते आणि त्या विजेवर मोटरी चालतात, हे पहिल्यांदा कळले तेव्हा मला फसवणूक झाल्यासारखे वाटले होते. एवढा आवाज, एवढा धूर, आणि शेवटी गाडी चालते विजेवरच!

पुढची तीसएक वर्षे देशात अडीच हजारांहून अधिक डब्ल्यूडीएम-२ तयार झाली आणि त्यांनी काय ओढले नाही? मेल, एक्स्प्रेस, पॅसेंजर, सिमेंट, कोळसा, खत, साखर, धान्य, लष्कराची गाडी, अपघातानंतरची मदतगाडी. एकाच कामासाठी घडवलेली इंजिने बाळगण्याची ऐपत ज्या देशाला नव्हती, त्या देशाने एकाच इंजिनाला सगळी कामे शिकवली. सोलापुरात सकाळी मेल घेऊन आलेले इंजिन दुसऱ्या दिवशी कर्नाटकातल्या वाडीकडून सिमेंटच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ओढत आलेले मी पाहिले आहे. त्याला प्रवासी गाडीचा नखरा नव्हता आणि मालगाडीचा कमीपणाही वाटत नसे, असे म्हणण्याचा मोह होतो. खरे कारण साधे होते. त्याच्या दातेरी चाकांचे प्रमाण असे धरले होते, की वेगही ताशी १२० किलोमीटरपर्यंत मिळावा आणि ओढही बऱ्यापैकी मिळावी. दोन्हींत पहिला नंबर नाही, दोन्हींत पास.

आल्को सुटतानाचा काळा धूर सोलापूरकरांना सांगायला नको. आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त ड्रायव्हर काका होते. त्यांनी एकदा फलाटावर उभे राहून मला त्या धुराचे गणित समजावले. डब्ल्यूडीएम-२ चा थ्रॉटल आठ टप्प्यांचा, ज्यांना ते नॉच म्हणत. नॉच वाढवला की सिलिंडरमध्ये डिझेल लगेच जास्त जाते, पण ते जाळायला लागणारी हवा ढकलणारा टर्बोचार्जर धुराड्याकडे जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरतो, आणि त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. त्या मधल्या क्षणांत तेल जास्त आणि हवा कमी, म्हणून ते अर्धवट जळते आणि काळा लोट वर जातो. “आल्कोला घाई चालत नाही बघ,” काका म्हणाले, “एक नॉच दिला की जरा थांबायचं, तिला दम घेऊ द्यायचा, मग दुसरा द्यायचा. नवीन पोरं एकदम चार नॉच ओढतात आणि सगळं स्टेशन काळं करतात.” त्या दिवसापासून मी सुटणाऱ्या गाडीच्या धुरावरून ड्रायव्हरचा हात ओळखायचा प्रयत्न करू लागलो. काही जण फिकट राखाडी लोटावर गाडी काढत, तर काही जणांच्या मागे पुलावरची माणसे नाकाला रुमाल लावून उभी राहत.

नंतर आलेली डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ ही इंजिने दुसऱ्या अमेरिकन घराण्यातली. त्यांचे यंत्र दोन धावांचे (टू-स्ट्रोक) आणि शक्ती चार हजार अश्वशक्ती किंवा त्याहून अधिक. त्यांचा टर्बो कमी भारावर गिअरने यंत्राला जोडलेला असतो आणि पुरेसा वायू मिळू लागला, की क्लचमधून आपोआप सुटून स्वतंत्र फिरतो, म्हणून ती सुटताना तसा धूर करत नाहीत. यंत्र म्हणून ती आल्कोपेक्षा कितीतरी पुढची आहेत आणि मला त्यांच्याबद्दल वाईट बोलण्यासारखे काही सापडत नाही. तरी त्यांच्यावर माझा जीव जडला नाही, कारण त्यांच्या सुटण्यात ड्रायव्हरचा हात बाहेरून दिसत नाही. आल्कोची एक मोठी अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याचा लांब बॉनेट पुढे करून गाडी चालवायची झाली, तर ड्रायव्हरला समोरचा निम्मा मुलूख दिसत नसे. काकांचा या विषयावर फारच राग होता. पुढे रुंद आणि आखूड तोंडाची, मोठ्या खिडक्यांची काही डब्ल्यूडीएम-२ निघाली, त्यांना सगळे जंबो म्हणत. जंबो मिळाली की काका खूश असत.

वाफेच्या इंजिनांबद्दल मी थोडेच लिहीन, कारण त्यांच्यावर इतरांनी पुष्कळ हळवे लिहून ठेवले आहे. मीटरगेजच्या बाजूला वायपी आणि वायजी ही इंजिने आमच्या लहानपणी होती. पहिले प्रवासी गाडीचे, दुसरे मालाचे. चाकांवरूनच ते समजे, कारण वायपीची सहा चालक चाके, म्हणजे यंत्राने फिरवलेली चाके, मोठी होती, तर वायजीची आठ चालक चाके लहान. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि लहान चाक जास्त ओढते. एवढा साधा नियम वाफेच्या इंजिनात उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा मांडलेला असे. डिझेल आणि विजेच्या इंजिनांत तोच नियम आत गिअरच्या पेटीत जाऊन बसला.

या जिल्ह्यातल्या खऱ्या अभिमानाच्या गोष्टीकडे आता वळतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचे बार्शी रोड, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. कॅलथ्रॉपचा सिद्धांत असा, की इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इतरांच्या छोट्या रेल्वेत डबे हलके आणि इंजिन जड असे, त्यामुळे सगळे रूळ आणि पूल त्या एका इंजिनाच्या वजनासाठी मजबूत करावे लागत, म्हणजे दिवसातून दोन-चार वेळा जाणाऱ्या इंजिनासाठी शेकडो मैलांचा खर्च. कॅलथ्रॉपने तो भार सगळ्यांत सारखा वाटला. त्यामुळे वारभर लांबीला तीस पौंड, म्हणजे मीटरला सुमारे पंधरा किलो वजनाचे रूळ त्याला पुरले. आज मुख्य लाईनवर मीटरला साठ किलोचे रूळ असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ती रेल्वे किती हलक्या पायांनी चालत होती ते समजते.

पण इंजिनाला ओढायला वजन तर हवे. चाक रुळाला घट्ट धरून राहते ते वरच्या भारामुळे, आणि भार पाच टनांवर गोठवला तर ओढ येणार कुठून? उत्तर होते चालक चाके वाढवणे. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या बार्शीच्या पहिल्या इंजिनांना आठ चालक चाके आणि मागे चार वाहक चाके होती. चार चालक आसांवर पाच-पाच टन म्हणजे ओढायला वीस टनांचा भार मिळाला, आणि तरी कोणत्याही एका ठिकाणी रुळावर पाचच टन पडले. मला या इंजिनाचे कौतुक वाटते ते यासाठी, की त्यात काम आधी ठरले आणि यंत्र त्या कामाच्या मापाने बेतले गेले. माल बार्शीच्या पेठेचा, माणसे पंढरीची, पैसा थोडका, जमीन बहुतेक सपाट. त्या चारही गोष्टी इंजिनाच्या चाकांत मोजता येतात. याच माणसाने पुढे इंग्लंडमध्ये त्याच मापाची एक रेल्वे उभारली आणि नंतर वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केले. वजन कुठे किती पडावे, याचा विचार करण्याची सवय त्याला बार्शीच्या वाटेवरच लागली असावी, असे आपले मला वाटते.

बार्शी लाईट १९५४ मध्ये सरकारकडे आली आणि नंतरच्या काळात वाफेच्या जागी झेडडीएम जातीची छोटी डिझेल इंजिने आली. आषाढी-कार्तिकीला ही गाडी माणसांनी इतकी भरलेली असे, की डब्यांत, दारांत आणि टपावर वारकरी, आणि त्या सगळ्यांपुढे एक आटोपशीर इंजिन. तिचा वेग थट्टेचा विषय होता. चालत्या गाडीतून उतरून शेतातला हरभरा उपटून पुन्हा चढता येते, असे मिरजेकडच्या एका पाहुण्यांनी सांगितले होते आणि त्यात अतिशयोक्ती बेताचीच होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत या सगळ्या वाटा ब्रॉडगेज झाल्या. त्या व्हायलाच हव्या होत्या. लातूरच्या माणसाने कुर्डुवाडीला सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलायची, आणि आम्ही इंजिनावर लेख लिहायचे, हा न्याय नव्हता. त्याच वाटेवरच्या सांगोल्याहून २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे बंगालमधल्या शालिमारला रवाना झाली. एवढा लांबचा माल नॅरोगेजच्या इंजिनाला कधीच उचलता आला नसता, कारण कुर्डुवाडीला तो एका गाडीतून दुसरीत हमालांनी भरावा लागला असता.

शंटिंगच्या, म्हणजे यार्डात डबे हलवण्या-जोडण्याच्या, इंजिनाला कुणी आवडते म्हणत नाही, पण माझ्या यादीत ते बरेच वर आहे. सोलापूरच्या यार्डात या कामाला बहुधा उतारवयातले आल्कोच दिसत असे. जुन्या निळ्या डब्यांच्या काळात एक डबा जोडायचा म्हणजे काय असे, ते मी अगदी जवळून पाहिले आहे. पॉइंट्समन दोन डब्यांच्या मध्ये, बफरांच्या आतल्या बाजूला वाकून उभा. इंजिन मागून डबा ढकलत इतके सावकाश येते, की ते चालते आहे की नाही हे खालच्या स्लीपरकडे पाहूनच कळावे. बफरला बफर टेकतात, स्प्रिंगा दबतात, आणि त्या दबलेल्या क्षणीच त्याला जड कडी उचलून समोरच्या हुकात टाकायची असते. ढकलणे एवढेसे कमी पडले तर कडी पोहोचत नाही आणि जास्त झाले तर डबा धक्का खाऊन मागे सरकतो. मग स्क्रूचा दांडा फिरवून कपलिंग ताणायचे, ब्रेकच्या नळ्या जोडायच्या आणि त्यांच्या झडपा उघडायच्या. हवा सुटल्याचा आवाज झाला की तो माणूस वाकूनच बाहेर येतो, हात पुसतो आणि झेंडी दाखवतो. २६०० अश्वशक्तीचे यंत्र या कामासाठी एक-दोन इंच सरकवायचे असते. मेल १०० च्या वेगाने नेण्यापेक्षा हे कौशल्य कमी प्रतीचे आहे, असे मला कुणी पटवून देऊ शकलेले नाही. आताच्या एलएचबी, म्हणजे नव्या घडणीच्या, डब्यांना मधोमध आपोआप अडकणारे कपलर असतात, त्यामुळे माणसाला बफरांच्या मध्ये शिरावे लागत नाही. ही सुधारणा वंदे भारतपेक्षा मोठी आहे, असे माझे मत आहे.

सोलापूरच्या माणसाची घाटाशी ओळख होते ती मुंबईला जाता-येता. कर्जत ते लोणावळा या टप्प्यात चढण सदतीसला एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही, पण पोलादी चाक पोलादी रुळावर असताना ही भिंतच. म्हणून वर येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिने लावतात. पुढून ओढण्याऐवजी मागून ढकलण्यात शहाणपण असे, की सगळ्या गाडीचे वजन पुढच्या एका कपलिंगवर लटकत नाही, आणि चढावर एखादे कपलिंग तुटलेच, तर मागचे डबे घसरत जायला मोकळे नसतात. बँकरचे आयुष्य म्हणजे लोणावळ्यापर्यंत ढकलणे, सुटणे, रिकामे खाली येणे आणि पुन्हा ढकलणे. त्याच्या नावाची पाटी कोणत्याच गाडीवर नसते.

या घाटासाठी १९२८ पासून जी मालवाहू विजेची इंजिने आली, त्यांना लोकांनी खेकडा म्हटले. मधोमध चालकांची पेटी, दोन्ही टोकांना लांब उतरते तोंड, आणि चाके एकमेकांना बाहेरून दांड्यांनी जोडलेली. ती उतारावर येताना आपल्या मोटरी उलट जनित्रासारख्या चालवून तारेत वीज परत सोडत आणि त्याच ओढीने गाडीचा वेग धरून ठेवत. आज रिजनरेटिव्ह ब्रेकिंग हा शब्द विजेच्या मोटारगाड्यांच्या जाहिरातीत वाचला, की मला तो खेकडा आठवतो. म्हातारपणी ही इंजिने मुंबईत शंटिंग करीत होती. त्यांतले एक आता दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

पुण्याला इंजिन बदलायचे, ही आमच्या पिढीच्या प्रवासातली ठरलेली गोष्ट. मुंबई ते पुणे १५०० व्होल्टच्या डीसी तारांचा मुलूख, पुढे डिझेलचा. मुंबईहून सोलापूरला येणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मध्यरात्रीनंतर पुणे गाठले, की सगळे झोपलेले असत आणि मी स्वेटर चढवून फलाटावरून पुढच्या टोकाला जात असे. विजेचे इंजिन सुटून निघून जाई आणि घोरपडी शेडचे डिझेल मागे-मागे येऊन गाडीला लागे. दौंडलाही असाच एक विधी होता. कर्नाटक एक्स्प्रेससारखी मनमाडकडे वळणारी गाडी तिथे उलट दिशेने निघे, म्हणून इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला न्यावे लागे. गाडीला थेट वळू देणारी कॉर्ड लाईन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांचा तो खोळंबा संपला आहे.

आता दौंड-सोलापूर-वाडी लाईनवर तारा आल्या आहेत, रूळ दुहेरी झाले आहेत, आणि सोलापुरात सगळीकडे दिसतात ती दोन विजेची इंजिने, डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९. यांच्याविषयी लिहायचे मी मुद्दाम राखून ठेवले होते. १९९८ मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून देशात बांधलेले मालगाडीचे पहिले डब्ल्यूएजी-९ बाहेर पडले, त्याचे नाव नवयुग. २००० मध्ये त्याच सांगाड्यावर प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूएपी-७ आले, त्याचे नाव नवकिरण. दोघांचे वजन १२३ टनांच्या आसपास, दोघांना सहा-सहा तीन-फेज मोटरी, शक्ती सहा हजार अश्वशक्तीहून अधिक. मुख्य फरक गिअरच्या दात्यांत. डब्ल्यूएपी-७ मध्ये मोटरकडचे चाक वीस दात्यांचे आणि आसावरचे बहात्तर दात्यांचे, म्हणजे मोटर साडेतीनहून थोडे जास्त फेरे घेते तेव्हा चाक एक फेरा घेते. डब्ल्यूएजी-९ मध्ये तेच पंधराला सत्याहत्तर, म्हणजे पाचाहून अधिक फेऱ्यांना एक. त्यामुळे पहिले १३०-१४० च्या वेगाला पोहोचते आणि दुसरे १०० वरच थांबते, पण सुटताना दुसऱ्याची ओढ पहिल्याच्या जवळजवळ दीडपट. एकाच गोठ्यातले दोन खिल्लार खोंड, एकाला शर्यतीला तयार केले आणि दुसऱ्याला उसाच्या गाडीला. हाडापेराने दोघे सारखेच.

जुन्या विजेच्या इंजिनांत डीसी मोटरी असत, त्यांना फिरत्या भागात वीज पोहोचवायला कार्बनचे ब्रश आणि कम्युटेटर लागत. खूप भार घेऊन मंद गतीने फार वेळ चालवले, की त्या तापत आणि जळत. तीन-फेज मोटरींत ब्रशच नाहीत. त्यांना किती वारंवारतेची वीज द्यायची हे इलेक्ट्रॉनिक्स क्षणाक्षणाला ठरवते आणि चाक रुळावर घसरू लागल्याचे ध्यानात येताच तेवढ्यापुरती ओढ कमी करते. आल्कोच्या काळात हे काम ड्रायव्हरचा कान आणि पकडीसाठी रुळावर वाळू सोडणारी पेटी मिळून करीत असत. पावसाळ्यातल्या पहिल्या सरीत, रुळावर तेल आणि धूळ यांचा चिखल झालेला असताना, मालगाडी काढणे ही ड्रायव्हरची परीक्षा होती. डब्ल्यूएजी-९ तीच गाडी तशाच पावसात काहीच न झाल्यासारखी काढते.

एनटीपीसीच्या सोलापूरजवळच्या १३२० मेगावॉटच्या वीजकेंद्राला कोळसा घेऊन येणारी गाडी पाहायला मी होटगीच्या बाजूला अधूनमधून जातो. अठ्ठावन्न वाघिण्यांची भरलेली गाडी सुमारे ४७०० टनांची. ती सिग्नलला उभी राहिली आणि पुन्हा सुटली, तर काय होते ते पाहण्यासारखे असते. इंजिनातून पंख्यांचा आवाज चढतो, पण इंजिन हलत नाही. मग ते हातभर पुढे येते आणि पहिल्या वाघिणीचे कपलिंग ताणल्याचा ठण्‌ असा आवाज येतो. लगेच दुसऱ्या वाघिणीचा, तिसऱ्याचा, आणि तो खडखडाट इंजिनाकडून मागे मागे पळत ब्रेकव्हॅनपर्यंत जातो. म्हणजे इंजिनाने ४७०० टन एकदम उचललेले नसतात, एक एक वाघीण पदरात घेतलेली असते. शेवटची वाघीण हलते तेव्हा इंजिन काही पावले पुढे गेलेले असते आणि ड्रायव्हर ओढ आणखी वाढवत असतो. या सगळ्यात घाई केली तर मध्येच कुठेतरी कपलर तुटतो. म्हणजे काकांचा धीर या इंजिनालाही लागतोच, फक्त आता तो धुरातून दिसत नाही, कानांनी ऐकावा लागतो.

म्हणून आज मला कुणी आवडते इंजिन विचारले, तर मी आल्कोच्या पाठोपाठ डब्ल्यूएजी-९ चे नाव घेतो, डब्ल्यूएपी-७ चे घेत नाही. डब्ल्यूएपी-७ चे काम सोपे आहे असे नाही. चोवीस डबे घेऊन ते धावते आणि डब्यांतले दिवे, पंखे, वातानुकूलन यांची वीजही आपल्याच ट्रान्सफॉर्मरमधून पुरवते, त्यामुळे पूर्वीसारखे गोंगाट करणारे जनरेटरचे डबे लागत नाहीत. पण त्याला फलाट मिळतो, वेळापत्रक मिळते, लोक त्याचे फोटो काढतात. डब्ल्यूएजी-९ लूप लाईनवर उभे राहते, दोन-तीन एक्स्प्रेस पुढे जाऊ देते, मग निघते. त्याच्या मागे असलेल्या कोळशावर आपल्या घरातला पंखा फिरतो, सिमेंटवर घर उभे राहते, आणि सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोत उतरणाऱ्या पेट्रोलवर आपली गाडी चालते. इथल्याच बाळ्याहून बंगळूरजवळच्या नेलमंगलपर्यंत मालाने भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट वाघिण्यांवर चढवून नेण्याची सेवा २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा ट्रकचे ड्रायव्हर आपल्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून रुळांवरून निघालेले पाहून आमच्याकडची मंडळी हसली होती. मला मात्र त्यात इंजिनाचा मान दिसला. शेवटी रस्त्यावरच्या यंत्रालाही त्याच्या पाठीवर बसावे लागले.

१० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू आहे. तिला इंजिनच नाही. मोटरी निरनिराळ्या डब्यांच्या खाली वाटून दिलेल्या आहेत, त्यामुळे इतक्या आसांवर ओढ पडते, की बोरघाट ती बँकरशिवाय चढते. वजन वाटून देण्याची कॅलथ्रॉपची युक्ती इथे शक्तीच्या बाबतीत वापरली आहे, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने तिला नावे ठेवायला जागा नाही. आमच्या घरी तिचेच तिकीट काढण्याचा आग्रह असतो. सकाळची गाडी, वेळ वाचतो, खाणे मिळते. हे सगळे खरे आहे. मुंबईला जाताना मी तिनेच जातो. येताना मात्र रात्रीच्या सिद्धेश्वरचे तिकीट काढतो आणि जमल्यास अगदी शेवटच्या डब्यातले, कारण कर्जतला बँकर लागतात ते त्याच टोकाला.